श्यामने आंघोळ केली, म्हातारीचे काय?

दरवर्षी २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती येते, शाळांमधून 'श्यामची आई' दाखवला जातो आणि पाठोपाठ चळवळीतला एक जुना वाद डोके वर काढतो. एक गट म्हणतो, हा ब्राह्मणी संस्कारांचा चित्रपट आहे, आपल्या मुलांना तो दाखवूच नका. दुसरा गट म्हणतो, आईच्या मायेला कसली आली जात? निदान इतक्या निर्मळ चित्रपटात तरी जात शोधू नका. या दुसऱ्या गटात आपले शिक्षक बांधवही असतात. आम्ही कोल्हापुरात शाळकरी मुलामुलींसाठी रविवारचा अभ्यासवर्ग चालवतो. तिथे हा वाद नुसता तोंडी राहत नाही. पडदा लावायचा की नाही, हे ठरवावेच लागते.

आम्ही पडदा लावतो. चित्रपट पूर्ण दाखवतो. मात्र त्यानंतर वर्ग सुटत नाही, तिथून तो सुरू होतो. असे का करतो आणि कसे करतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आमच्या पिढीचे या चित्रपटावर प्रेम आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली तो काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाला. उत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक सुरू झाले तेव्हा पहिलेच पदक या मराठी चित्रपटाला मिळाले. नव्वदच्या दशकात शाळेच्या एका खोलीत चार वर्ग दाटीवाटीने बसवून, एका टीव्हीवर आम्ही तो पाहिला. छडीच्या गाण्यावर हसलो, शेवटी सगळे रडलो. बौद्धवाड्यातली पोरे रडली, गल्लीतली रडली, गुरुजीही रडले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी याच कथेवर नवा चित्रपट काढला, म्हणजे ही गोष्ट अजून जुनी झालेली नाही. जी गोष्ट सत्तर वर्षे महाराष्ट्रातल्या लेकरांना 'चांगले माणूस' म्हणजे काय ते शिकवते आहे, तिला दुर्लक्षून चालणार नाही. ती तपासावी लागेल.

मोळीचा प्रसंग

मूळ पुस्तकात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडली आहे. ती महार समाजातली आहे, म्हणून मोळी उचलून तिच्या डोक्यावर द्यायला कोणी पुढे येत नाही. श्यामची आई हे पाहते आणि श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. लोक काय म्हणतील याची श्यामला भीती वाटते. आई त्याला धीर देते. श्याम मोळी उचलून देतो. आणि त्याने घरी येऊन आंघोळ करायची, हेही आईनेच सांगितलेले असते.

हा प्रसंग आम्ही वर्गात मोठ्याने वाचतो. बहुतेक मुलांना तो आवडतो, कारण आई चांगली वागली आणि श्यामही चांगला वागला. मागे एकदा वाचन संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, श्यामनं आंघोळ केली. त्या म्हातारीनं पण केली आसंल काय?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. स्पर्श दोघांचा झाला. मग आंघोळ एकालाच का? विटाळ एकाच दिशेने का वाहतो? म्हातारीला श्यामचा विटाळ होत नाही, श्यामला मात्र म्हातारीचा होतो. समाजशास्त्राच्या पुस्तकात शुद्ध आणि अशुद्ध या कल्पनांवर पानेच्या पाने लिहिलेली असतात. त्या सगळ्यांचा गाभा या पोरीने एका वाक्यात पकडला.

या आंघोळीचे समर्थनही केले जाते. आईच्या मनात विटाळ नव्हता, आंघोळ फक्त गावाचे तोंड बंद करण्यासाठी होती, असे सांगतात. असेलही. आईच्या मनात काय होते याचा निवाडा आम्हाला करायचा नाही. पण गावाचे तोंड आंघोळीने बंद होते, याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की गावाला त्या स्पर्शाची फारशी अडचण नव्हती. स्पर्शानंतर नियम पाळला गेला की गाव गप्प बसत होते. जातिव्यवस्थेला अपवाद चालतो, नियम मोडलेला चालत नाही. दयेने केलेला अपवाद तर तिला फार सोयीचा असतो. मोळी डोक्यावर जाते, म्हातारी दुवा देते, श्याम चांगला ठरतो आणि विटाळ जिथल्या तिथे राहतो.

त्या म्हातारीला नाव नाही, हेही पाहा. ती कुठे राहते, मोळी विकून तिला किती पैसे मिळतात, तिला लेकरे आहेत का, हे आपल्याला कळत नाही. ती येते ती श्यामचे मन मोठे करण्यासाठी. आमच्या वर्गातल्या मुलांना या गोष्टीत जागा कुठे आहे? चित्रपट पाहताना ती श्याम होतात, कारण गोष्ट त्याच्या डोळ्यांनी सांगितली आहे. पण त्या गावात जन्मली असती तर ती श्यामच्या घरात जन्मली नसती, मोळीवाल्या म्हातारीच्या झोपडीत जन्मली असती. आपण ज्याच्या डोळ्यांनी रडतो त्याच्या अंगणात आपल्याला प्रवेश नव्हता, हे कळायला मुलांना वर्ग लागतो. नुसता चित्रपट ते सांगत नाही.

'काळच तसा होता' म्हणजे कसा होता?

इथे हमखास एक वाक्य येते: अहो, काळच तसा होता. या वाक्याला इतिहासाने उत्तर द्यायला हवे.

साने गुरुजींचा जन्म १८९९ चा. म्हणजे श्यामचे बालपण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. त्याच्या तीस-चाळीस वर्षे आधी, १८६८ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. जोतीराव त्याच काळाच्याही आधीच्या काळात जगत होते. श्यामच्या घरापासून दूर पुण्यातले उदाहरण नको असेल, तर दापोलीतच या. पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीत राहून अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते. त्यांच्या पुस्तिकेचे नावच 'विटाळ विध्वंसन'. श्यामचे पालगड याच दापोली तालुक्यात आहे. म्हणजे श्याम जन्मण्याआधीच त्याच्या तालुक्यात विटाळाचा विध्वंस करा असे सांगणारा माणूस होऊन गेला होता. काळ तसा नव्हता. काळ दोन्ही प्रकारचा होता. कोणाचे ऐकायचे हे ज्याने त्याने ठरवले.

आता कोल्हापूर घ्या. इथे १९११ साली सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. गंगाराम कांबळे यांची गोष्ट तर कोल्हापूरच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. महाराजांच्या पदरी असलेल्या या माणसाने पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच. शिवाय गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढायला मदत केली आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. एका ठिकाणी मोळी उचलून दिली जाते आणि नंतर आंघोळ होते. दुसऱ्या ठिकाणी राजा अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा पितो आणि घरी जाऊन आंघोळ करत नाही. पहिल्यात म्हातारीला मदत मिळते. दुसऱ्यात गंगाराम कांबळे मालक होतात, गल्ल्यावर बसतात, त्यांच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळते. पहिली दया आहे, दुसरा हक्काकडे नेणारा रस्ता आहे. आणि या रस्त्यावर पुढे माणगाव आहे. २१ व २२ मार्च १९२० ला तिथे परिषद भरली. महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांकडे बोट दाखवून, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे सांगितले.

पाण्याचीच गोष्ट निघाली आहे तर महाडही आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळे शुद्ध करून घेतले. कोकणातल्याच एका गावात श्यामला आंघोळ करावी लागली होती, महाडमध्ये तर तळ्यालाच आंघोळ घालण्यात आली. नियम एकच होता. दयेच्या घरात तो शांतपणे पाळला गेला आणि हक्काच्या तळ्यावर लाठ्या घेऊन. म्हणून म्हणतो, मोळीचा प्रसंग महाडपासून तोडून शिकवता येणार नाही.

एकाच तालुक्यातली दोन लेकरे

वर्गात आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा लावतो. पालगड दापोली तालुक्यात. शेजारच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांच्या पूर्वजांचे गाव. आणि दापोलीजवळच वणंद, माता रमाईचे माहेर. रमाईचा जन्म १८९८ चा मानतात, श्यामचा १८९९ चा. एकाच तालुक्यातली, जवळजवळ एकाच वयाची ही दोन लेकरे.

श्यामचे घराणे खोताचे. कर्जाने बुडाले, घरावर जप्ती आली, सावकाराच्या माणसाने आईचा अपमान केला. तो अपमान पाहताना आमच्याही पोटात तुटते. पण खोत म्हणजे कोण, हे मुलांना कोणी सांगत नाही. कोकणात सरकारसाठी सारा गोळा करणारा तो खोत. कुळांकडून धान्य घेणारा, वेठबिगार करून घेणारा. महार आणि कुणबी ही त्याची कुळे. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक कोणी मांडले? बाबासाहेबांनी. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. श्यामच्या घरी गरिबी आली हे खरे, पण ती घसरून आलेली गरिबी होती. मोळीवाल्या म्हातारीकडे घसरायला वरची पायरीच नव्हती. चित्रपट आपल्याला जाणाऱ्या घरासाठी रडायला लावतो. ज्यांना घर कधी मिळालेच नाही त्यांच्यासाठी कोणी रडायचे?

आता वणंदकडे या. रमाईचे वडील दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या डोक्यावरून वाहत. मोळीवाल्या म्हातारीसारखेच डोक्यावर ओझे वाहणारे. रमाईची आई लहानपणीच गेली, पाठोपाठ वडील गेले, मग काकांबरोबर मुंबई. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात लग्न. नंतर गोवऱ्या थापणे, नवरा परदेशी शिकत असताना एकटीने संसार ओढणे आणि चार लेकरे मातीत ठेवणे. श्यामच्या आईला गोष्ट सांगणारा लेक मिळाला. रमाईची गोष्ट कोणी सांगितली? बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ 'रामू'ला अर्पण केला. आपल्या भीमशाहिरांनी तिला घराघरात पोहोचवले. शाळेच्या खोलीत मात्र ती पोहोचली नाही. २४ डिसेंबरला आईची महती ऐकवणाऱ्या शाळेने आम्हाला कधी ७ फेब्रुवारीला रमाईचे नाव ऐकवले नाही.

फेब्रुवारी १९३३ चा एक आठवडा

'श्यामची आई' हे पुस्तक साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिले, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत. या तारखा वहीत लिहून घ्या, असे आम्ही मुलांना सांगतो. कारण त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी घडल्या.

११ फेब्रुवारीला गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. पुणे कराराला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. गांधीजींनी बाबासाहेबांकडे संदेश मागितला होता. बाबासाहेबांनी सरळ लिहून पाठवले की अस्पृश्यता हे जातिव्यवस्थेचेच अपत्य आहे, जाती आहेत तोवर अस्पृश्य राहणारच, आणि जातिव्यवस्था मोडल्याशिवाय अस्पृश्याची सुटका नाही. तीन दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, मंदिर प्रवेशाच्या विधेयकाबद्दल बाबासाहेबांनी निवेदन काढले. त्याचा मथितार्थ असा: मंदिरे उघडायची की नाही हा तुमचा प्रश्न आहे, आम्ही त्यासाठी विनवण्या करणार नाही. आम्हाला शिक्षण हवे, वरच्या नोकऱ्या हव्यात, पोट भरण्याची चांगली साधने हवीत. आणि मंदिर प्रवेश देणार असाल तर चातुर्वर्ण्याचे काय करणार ते आधी सांगा.

ज्या नाशिकच्या तुरुंगात गुरुजी आईच्या आठवणी लिहीत होते, त्याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० पासून सुरू होता. तुरुंगाच्या भिंतीआड एक संवेदनशील माणूस मोळी उचलण्याची गोष्ट लिहितो आहे आणि भिंतीबाहेर त्याच गावात मोळी वाहणाऱ्यांची लेकरे मंदिराच्या बंद दारासमोर उभी आहेत. त्यांना कोणी उचलून घेण्याची गरज नव्हती. त्यांना दार उघडे हवे होते. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून हा सत्याग्रह थांबवायला सांगितले, कारण त्या दारातून काही मिळणार नाही हे आता स्पष्ट झाले होते.

पुस्तक प्रसिद्ध झाले १९३५ साली. त्याच वर्षी २७ मे रोजी रमाई गेली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. रमाईला पंढरपूरला जायची फार इच्छा होती. जे पंढरपूर आपल्याला दारात उभे करत नाही तिथे कशाला जायचे, आपण दुसरे पंढरपूर उभे करू, असे बाबासाहेब तिला म्हणत, ही आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे.

साने गुरुजींवर अन्याय करून आपला मुद्दा मोठा होणार नाही. हाच माणूस मे १९४७ मध्ये पंढरपूरला प्राण पणाला लावून उपोषणाला बसला आणि विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. आईच्या आंघोळीपासून पंढरपूरच्या उपोषणापर्यंत हा माणूस चालत आला, हे मान्य करायलाच हवे. पण ते दार उघडले तेव्हा रमाईला जाऊन १२ वर्षे झाली होती आणि तिच्या माणसांनी त्या दाराकडे पाठ फिरवली होती. नऊ वर्षांनी नागपूरला दुसरे पंढरपूर उभे राहिले. शाळेतल्या इतिहासात पहिले दार दिसते, ही पाठ का फिरली ते दिसत नाही.

एका दिग्दर्शकाचे दोन चित्रपट

आता चित्रपटाकडे परत येऊ, कारण या कथेतला एक धागा कोल्हापूरचा आहे आणि तो आपणच विसरलो आहोत.

'श्यामची आई' काढल्यावर पुढच्याच वर्षी, १९५४ साली, अत्रे यांनी 'महात्मा फुले' काढला. जानेवारी १९५४ मध्ये मुंबईत या चित्रपटाचा मुहूर्त झाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते. जोतीरावांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानणारे आणि 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण करणारे बाबासाहेब त्या मुहूर्ताला गेले यात नवल नाही. या चित्रपटात खुद्द गाडगेबाबांचे कीर्तन आहे. जोतीराव झाले बाबुराव पेंढारकर, कोल्हापूरचे. सावित्रीबाई झाल्या सुलोचनाबाई. सीमेवरच्या खडकलाट गावातून येऊन कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या स्टुडिओत घडलेल्या. याही चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

म्हणजे दिग्दर्शक तोच, दोन चित्रपटांत वर्षाचे अंतर, दोघांनाही राष्ट्रपतींचे पदक. एकाला शाळेने डोक्यावर घेतले. दुसरा शाळेत पाहिल्याचे आमच्या ओळखीतल्या एकाही कार्यकर्त्याला आठवत नाही. असे का झाले असेल? आम्हाला कारण उघड दिसते. पहिल्या चित्रपटातला मोठेपणा कोणालाच अडचणीचा नाही. मोळी उचलून द्या, आईचे ऐका, दया करा. यात कोणाचा वाडा जात नाही की कोणाची गादी. दुसऱ्या चित्रपटातला माणूस शाळा काढतो, बायकोला शिकवून शिक्षिका करतो, हौद खुला करतो आणि भटशाहीला जाब विचारतो. तो पाहून आलेले पोर घरी जाऊन प्रश्न विचारेल. व्यवस्थेला रडणारे पोर चालते, प्रश्न विचारणारे चालत नाही.

ज्या कोल्हापुरात 'प्रभात' जन्मली, जे शहर स्वतःला कलापूर म्हणवते, त्या शहराने आपल्याच मातीतल्या दोन कलावंतांनी उभे केलेले जोतीराव आणि सावित्रीबाई आपल्या लेकरांना दाखवायला नकोत का? यासाठी सरकारी परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. विहार आपले आहेत, पडदा आपला आहे.

वर्गात काय करतो

कार्यकर्ते विचारतात म्हणून आमची पद्धत थोडक्यात सांगतो.

पहिल्या रविवारी चित्रपट पूर्ण दाखवतो. मध्ये थांबवत नाही, भाषण करत नाही. मुलांना रडू देतो. ज्या गोष्टीवर प्रेम नाही तिची चिकित्सा करण्यात जोर नसतो. आधीच 'हा ब्राह्मणी आहे' असे सांगून टाकले तर मूल आपला शब्द पाठ करते, स्वतः पाहत नाही.

दुसऱ्या रविवारी मोळीचा प्रसंग पुस्तकातून वाचतो आणि चार प्रश्न फळ्यावर लिहितो. नाव कोणाला आहे? बोलते कोण? आंघोळ कोणाला करावी लागते? आणि त्या संध्याकाळी म्हातारी घरी गेल्यावर आपल्या नातीला काय म्हणाली असेल? चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुले लिहून आणतात. काहींची म्हातारी श्यामला आशीर्वाद देते. काहींची गप्प बसते. एका मुलाच्या म्हातारीने नातीला सांगितले, "तू शाळंत जा, म्हंजी मोळी उचलायची पाळीच याची न्हाई." हे उत्तर आम्ही त्याला शिकवले नव्हते.

तिसऱ्या रविवारी नकाशा आणि तारखा: १८६८, १९१९, १९२०, १९२७, फेब्रुवारी १९३३, १९३५, १९४७, १९५६. मुले स्वतः रेघ ओढून पट्टी तयार करतात. पट्टीवर श्याम, रमाई, गंगाराम कांबळे, बाबासाहेब सगळे एका ओळीत येतात. जमले तर भाऊसिंगजी रोडवरून एक फेरी, आणि जवळच्या सुट्टीत माणगाव.

चौथ्या रविवारी 'महात्मा फुले' आणि शेवटी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मधली आनंद आणि प्रकृती यांची कथा. भिक्खू आनंद चांडाल मुलीकडे पाणी मागतो. ती म्हणते, मी चांडाल आहे. आनंद सांगतो, मी पाणी मागितले, जात विचारली नाही. आणि तिच्या हातचे पाणी पितो. मोळीच्या प्रसंगात श्याम देणारा आहे आणि म्हातारी घेणारी. इथे देणारी चांडाल कन्या आहे आणि घेणारा भिक्खू. पाणी विटाळ धुण्यासाठी नाही, तहान भागवण्यासाठी आहे. करुणा आणि दया यांतला फरक मुलांना याहून सोप्या शब्दांत सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही. बाबासाहेबांच्या धम्मात करुणेचा हात प्रज्ञेने धरलेला आहे. प्रज्ञेशिवाय करुणा दयेपाशी थांबते आणि दया आंघोळीपाशी.

काही मित्र म्हणतील, एवढ्या कोवळ्या वयात मुलांच्या मनात जात का भरता? आम्ही भरत नाही. वर्गात येणाऱ्या मुलांना जात आधीच माहीत असते. शाळेत डब्याभोवती कोण बसतो, गावात कोणाच्या घरी पाण्याचा पेला वेगळा ठेवतात, आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे त्यांनी पाहिलेले असते. त्यांच्याकडे शब्द नसतात, तारखा नसतात आणि 'हे चूक आहे' असे म्हणण्याचे बळ नसते. ते देणे हे आपले काम आहे.

आणि सवर्ण मित्रांनाही हेच सांगणे आहे. 'श्यामची आई' तुमच्या मुलांना जरूर दाखवा. तुमच्या मुलांना तर तो प्रश्न अधिक विचारा: आंघोळ कशासाठी? साने गुरुजींनी ती आंघोळ लपवली नाही, प्रामाणिकपणे लिहून ठेवली. त्यांचा प्रामाणिकपणा आपण गोड करून झाकू नये.

कार्यकर्त्यांनो, या २४ डिसेंबरला तुमच्या गावातल्या शाळेत चित्रपट लागेल तेव्हा बहिष्कार घालू नका. जा, मुलांबरोबर बसा. दुसऱ्या दिवशी २५ डिसेंबर आहे, मनुस्मृती दहनाचा दिवस. त्या दिवशी त्याच मुलांना विहारात बोलवा, मोळीचे पान वाचा आणि म्हातारीचे नाव काय असेल, असे विचारा. उत्तर मुले देतील.

जय भीम!